बातमीविरुद्धच्या तक्रारीची वाटचाल

टिळक आणि आगरकर डोंगरीच्या तुरुंगात गेले, हे आपल्याला शाळेपासून ठाऊक असते. ते कशापायी गेले, हे सांगताना मात्र मंडळी जरा घाईने पुढे सरकतात. 1881 च्या जानेवारीत ‘केसरी’ आणि ‘मराठा’ सुरू झाले आणि थोड्याच काळात कोल्हापूर संस्थानचे कारभारी माधवराव बर्वे यांच्या नावाची काही पत्रे संपादकांच्या हाती आली. तरुण छत्रपतींचा छळ चालला आहे, असे त्यांच्या आधारे छापले गेले. पत्रे बनावट निघाली. संपादकांनी माफी मागितली, तरी बर्वे यांचा अब्रुनुकसानीचा खटला चालूच राहिला आणि 1882 च्या जुलैमध्ये दोघांना चार महिन्यांची साधी कैद झाली. प्रत्यक्षात 101 दिवस भरले. आज दूरचित्रवाणीवरच्या चुकीच्या बातमीविरुद्ध प्रेक्षक जी तक्रार करतो, तिचे मूळ आपण शोधू लागलो तर इथवर मागे यावे लागते. कारण तेव्हा दाद मागता येत होती ती ज्याची अब्रू गेली त्यालाच, आणि तीही फक्त न्यायालयात. खोटी बातमी वाचून फसलेल्या साध्या वर्गणीदाराला संपादकाला पत्र लिहिण्यापलीकडे वाट नव्हती. ते पत्र छापायचे की टोपलीत टाकायचे, हेही पुन्हा संपादकच ठरवणार.

ही वाट रुंद व्हायला पाऊणशेहून अधिक वर्षे लागली. 1966 मध्ये प्रेस कौन्सिल स्थापन झाली, तिचे पहिले अध्यक्ष न्यायमूर्ती जे. आर. मुधोळकर. आता बातमीची झळ स्वतःला न बसलेला वाचकही तक्रार गुदरू शकत होता. आणीबाणीत ही संस्था मोडीत निघाली, 1979 मध्ये पुन्हा उभी राहिली. पण तिचा अंमल कागदावर छापलेल्या मजकुरापुरता. पडद्यावरची बातमी तिच्या कक्षेत तेव्हा नव्हती आणि आजही नाही.

पडदा तर कधीच आला होता. 15 सप्टेंबर 1959 रोजी दिल्लीत प्रक्षेपण सुरू झाले, 2 ऑक्टोबर 1972 रोजी मुंबई दूरदर्शन. बातमी सरकारी, वाहिनी एकच. तक्रार करायची तर केंद्राच्या पत्त्यावर कार्ड टाकायचे. त्यात एक अडचण अशी की, वृत्तपत्राचे कात्रण तक्रारीला जोडता येते. पण संध्याकाळच्या बातम्यांत काय म्हटले गेले, याचा पुरावा प्रेक्षकाच्या हाती काहीच नसे. निवेदक वाचून मोकळा होई आणि शब्द हवेत विरून जात. 1990 च्या प्रसार भारती कायद्याने मात्र एक लक्षणीय पाऊल टाकले. अंमल सुरू व्हायला 1997 उजाडले, ते सोडा. त्यातल्या प्रसारण परिषदेच्या तरतुदीत तक्रारदारांचे दोन वर्ग केले होते: एक, ज्याच्यावर विपर्यासामुळे किंवा चुकीच्या चित्रणामुळे व्यक्तिशः अन्याय झाला तो, आणि दुसरा, कार्यक्रम प्रसारण संस्थेच्या उद्दिष्टांना धरून नाही असे वाटणारा कोणीही. बर्वे आणि वर्गणीदार प्रथमच एका कलमात शेजारी बसले. माझ्या मते या साऱ्या इतिहासातले हे सर्वांत दुर्लक्षित वळण आहे.

मात्र तोवर बातमी सरकारच्या हातून निसटू लागली होती. 1995 च्या केबल कायद्याच्या नियमांत खोट्या आणि अर्धसत्य मजकुराला मनाई होती, पण अंमलबजावणी सरकारी अधिकाऱ्यांच्या मर्जीवर. 2000 च्या अखेरीस ‘आज तक’ चोवीस तास सुरू झाली, 2007 मध्ये ‘झी 24 तास’ आणि ‘स्टार माझा’ मराठीत आल्या. त्याच 2007 च्या ऑगस्टमध्ये ‘लाइव्ह इंडिया’ने दिल्लीतील एका शिक्षिकेविरुद्ध ‘स्टिंग’ दाखवले. जमाव शाळेवर चालून गेला, तिला मारहाण झाली, नोकरी गेली. आणि मग ते सगळे रचलेले असल्याचे उघड झाले. सरकारने वाहिनी महिनाभर बंद ठेवली. असा बडगा आपल्यावरही उगारला जाईल, या धास्तीने वाहिन्यांनी स्वतःच नियमन करण्याची तयारी वेगाने केली, असे घटनाक्रमावरून म्हणायला हरकत नाही. न्यायमूर्ती जे. एस. वर्मा यांच्या अध्यक्षतेखाली त्यांच्या संघटनेचे वृत्तप्रसारण मानक प्राधिकरण 2 ऑक्टोबर 2008 रोजी कामाला लागले.

त्याच्या अवघ्या बावीस दिवस आधी, 10 सप्टेंबरला, ‘टाइम्स नाऊ’च्या संध्याकाळच्या बातम्यांत भविष्यनिर्वाह निधी घोटाळ्याची बातमी चालू होती. नाव होते कोलकात्याचे न्यायमूर्ती सामंत यांचे. छायाचित्र झळकले ते पुण्याचे निवृत्त न्यायमूर्ती पी. बी. सावंत यांचे. सामंत-सावंत, उच्चारातला एवढासा फरक. चित्र पंधराएक सेकंद पडद्यावर राहिले. गंमत, किंवा दैवदुर्विलास म्हणा, अशी की सावंत हे प्रेस कौन्सिलचे माजी अध्यक्ष. इतरांच्या तक्रारी त्यांनी वर्षानुवर्षे ऐकलेल्या. त्यांनी पत्र पाठवले, वाहिनीने पुढे काही दिवस पडद्यावर दिलगिरीची ओळ फिरवली. सावंतांना ती पुरेशी वाटली नाही. त्यांनी पुण्याच्या न्यायालयात 100 कोटींचा दावा लावला आणि 2011 च्या एप्रिलमध्ये न्यायालयाने मागितली तेवढी भरपाई मंजूर केली. अपिलात स्थगिती हवी तर 20 कोटी रोख आणि 80 कोटींची बँक हमी भरा, असे मुंबई उच्च न्यायालयाने सांगितले. सर्वोच्च न्यायालयाने त्यात हात घालायला नकार दिला. रकमेचा आकडा भयंकर होता आणि वृत्तस्वातंत्र्याच्या काळजीने त्यावर टीका झाली, ती गैर नव्हती.

आता याच्या शेजारी नव्या प्राधिकरणाचा दंड ठेवून पाहा: तेव्हा कमाल 1 लाख. शिवाय तो सभासदांनाच लागू. 2009 मध्ये एका विश्लेषक महिलेने रॉयटर्सला दिलेली मुलाखत ‘इंडिया टीव्ही’ने हिंदी आवाज चढवून आपलीच म्हणून दाखवली, तिने तक्रार केली, दंड झाला, आणि वाहिनी संघटनेतूनच बाहेर पडली. यथावकाश परतली, हा भाग वेगळा. 2020 मध्ये सुशांतसिंह राजपूत यांनी न केलेली ट्वीट त्यांच्या नावावर दाखवल्याबद्दल ‘आज तक’ला तेवढाच लाख भरावा लागला. या रकमेने कोणाला जरब बसते का, हे 2023 च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयानेच विचारले.

आजच्या तक्रारदाराची वाट तरी बरीच आखीव झाली आहे. तारीख, वेळ, कार्यक्रमाचे नाव टिपून आधी वाहिनीकडे जायचे. 2021 च्या नियमांनुसार तिने 24 तासांत पोच आणि 15 दिवसांत निर्णय द्यायचा, मग वरची संस्था, मग सरकारी समिती. वाहिनीने ध्वनिचित्रमुद्रण 90 दिवस जपून ठेवायचे असते. शब्द हवेत विरण्याची जुनी अडचण आता उलटी फिरली आहे: कार्यक्रम यूट्यूबवर पडून असतो, प्रेक्षक दुवा जोडून पाठवतो. 2024 च्या फेब्रुवारीत अशा तक्रारींवरून काही हिंदी वाहिन्यांविरुद्ध प्राधिकरणाचे आदेश निघाले, तेव्हा दंडाबरोबरच चित्रफिती सात दिवसांत उतरवण्याची ताकीद होती. त्या कार्यक्रमांपैकी काही आदल्या वर्षी प्रसारित झालेले होते.