दगडाखालचं सोनं

गेल्या रविवारी सोसायटीच्या मागच्या बाजूला मिळालेला वाफा खणायला घेतला. सहा फूट बाय तीन फूट, मेथी आणि कोथिंबीर लावायची, तासाभराचं काम. (आमच्या धंद्यात कामाचे अंदाज किती बरोबर येतात ते तुम्हाला माहीतच आहे!) प्रत्यक्षात चार तास लागले, कारण माती कमी आणि दगडच जास्त. कुदळ मारली की खण्ण, आणि ठणका थेट खांद्यात. शेवटी कुदळ बाजूला ठेवली आणि बसून हातानेच वेचायला लागलो. दोन बादल्या निघाले. काळेशार, टोकदार, आकाराच्या मानाने चांगलेच जड. सोमवारी की-बोर्डवर बोटं वळेनात.

आणि मला मॉरिशस आठवलं.

मॉरिशस म्हटलं की आपल्याला ट्रॅव्हल कंपन्यांच्या जाहिरातीतला निळा समुद्र आणि हनिमूनची जोडपी आठवतात. पण किनारा सोडून थोडं आत गेलं की उसाच्या शेतांच्या मधोमध काळ्या दगडांचे ढीग दिसतात. काही पुरुषभर उंच, काही घराएवढे. काही नुसते टाकलेले, तर काही कडेने नीट रचून भिंतीसारखे उभे केलेले. आपल्या कोकणात शेताभोवती दगडांचा गडगा घालतात ना, त्याचाच थोरला भाऊ. हे ढीग निसर्गाने केलेले नाहीत. शेतातला एकेक दगड उचलून माणसांनी ते रचले आहेत.

मॉरिशस हे ज्वालामुखीचं बेट. आकाराने पुणे जिल्ह्याच्या आठव्या भागाहूनही थोडं लहान. बराचसा भाग तुलनेने तरुण लाव्ह्याने झाकलेला, त्यामुळे कित्येक ठिकाणी मातीचा थर पातळ आणि त्यात बसाल्टचे धोंडे. अशा जमिनीत डच लोकांनी १६३९ साली ऊस आणला. नंतर १७१५ पासून फ्रेंच आणि १८१० पासून इंग्रज मालक झाले. १८२५ मध्ये ब्रिटनने मॉरिशसच्या साखरेवरचा कर वेस्ट इंडीजच्या साखरेइतका खाली आणला आणि बेटावर ऊस पसरत गेला. जास्त ऊस म्हणजे जास्त मोकळी जमीन, आणि जास्त मोकळी जमीन म्हणजे जास्त दगड.

हे काम आधी कोणी केलं? आफ्रिका आणि मादागास्करहून आणलेल्या गुलामांनी. ही गोष्ट 'आपल्या' लोकांची म्हणून सांगताना हे विसरून चालणार नाही, कारण पहिले ढीग त्यांचे आहेत. १८३५ मध्ये गुलामी संपली तेव्हा साठ हजारांहून जास्त माणसं सुटली. नुकसानभरपाई मिळाली ती मात्र मालकांना, सुमारे २० लाख पौंड! राबणाऱ्यांच्या हाती त्यातलं काहीच आलं नाही.

मालकांनी हुशारी केली होती. २ नोव्हेंबर १८३४ ला, म्हणजे गुलामी संपायच्या आधीच, 'अ‍ॅटलस' जहाजातून कलकत्त्याहून ३६ मजूर पोर्ट लुईला उतरले. तिथून पुढे विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत साधारण साडेचार लाख भारतीय तिथे गेले. बहुतेक बिहार आणि उत्तर प्रदेशाच्या बाजूचे, काही तमिळ, काही तेलुगू. आणि मुंबई बंदरातून गेलेले मराठी, ज्यांत रत्नागिरीकडचे बरेच.

मॉरिशसमध्ये एक गोष्ट आजही सांगतात. गावोगावी फिरणारे दलाल म्हणायचे, 'चला, तिथे दगड उलटला की खाली सोनं सापडतं.' आता हे खरंच किती जणांना सांगितलं गेलं आणि किती जणांनी खरं मानलं, कोण जाणे. पण लोकांनी पिढ्यानपिढ्या हीच गोष्ट जपून ठेवली, यातच काय ते आलं. दगड उलटण्याचा भाग शंभर टक्के खरा निघाला. सोन्याऐवजी करार मिळाला पाच वर्षांचा आणि पगार पुरुषाला महिना पाच रुपये, वर शिधा. एक दिवस कामावर आला नाही तर दोन दिवसांचा पगार कापायचा, याला नाव होतं 'डबल कट'. १८७१ मध्ये आदोल्फ द प्लेव्हित्झ या गोऱ्या माणसाने पुढाकार घेऊन ९,४०१ जुन्या मजुरांचा तक्रारअर्ज सरकारकडे दिला. मग शाही आयोग बसला आणि १८७५ मध्ये त्याचा अहवाल आला. बेटावरच्या गैरप्रकारांची नोंद अखेर सरकारी कागदावर उमटली.

आता मला सगळ्यात चक्रावून टाकणारी गोष्ट. बहुतेक भूशास्त्रज्ञांच्या मते आपल्या सह्याद्रीचा काळा दगड, म्हणजे दख्खनचा बसाल्ट, साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वी पृथ्वीच्या पोटातल्या एका तप्त ठिकाणावरून उसळून आला. मग भारताचा तुकडा उत्तरेकडे सरकत गेला, पण ती भट्टी खाली धगधगतच राहिली. तिच्यातूनच पुढे, साधारण ८०-९० लाख वर्षांपूर्वी, मॉरिशस वर आलं. आज ती भट्टी शेजारच्या रीयुनियन बेटाखाली आहे आणि तिथला ज्वालामुखी अजून जिवंत आहे. म्हणजे रत्नागिरीचा माणूस साडेचार हजार किलोमीटरचा समुद्र ओलांडून गेला आणि तिथे जो धोंडा उचलला, तो त्याच्या सह्याद्रीचाच धाकटा भाऊ होता! कोकणातला जांभासुद्धा याच बसाल्टची झीज होऊन बनलेला. त्याला हे ठाऊक असायचं कारण नव्हतं. पण हाताला ते वजन ओळखीचं वाटलं असेल का?

१८८० च्या आसपासपासून गोष्ट वळण घेते. साखरेचे भाव पडले आणि मोठ्या मळ्यांचे मालक कडेकडेची, निकस, दगडाळ जमीन तुकडे करून विकायला लागले. विकत घेतली कोणी? पै-पै साठवलेल्या जुन्या मजुरांनी. ज्या जमिनीकडे मालकाने पाठ फिरवली होती, तीच त्यांनी पदरचे पैसे मोजून घेतली आणि पुन्हा दगड उचलायला सुरुवात केली. काम तेच, हात तेच, पण आता बांध स्वतःचा. दगडाखाली सोनं नव्हतं, पण एखाद-दुसरा एकर जमीन निघाली. त्यातून पोरांच्या शाळेचा खर्च निघाला, आणि याच मजुरांच्या नातवंडा-पतवंडांनी १२ मार्च १९६८ ला देश स्वतंत्र होताना पाहिला. गणेश चतुर्थीला तिथे सरकारी सुट्टी असते, बरं का!

आमच्या पेशातल्या माणसाला आणखी एक गोष्ट आवडेल. इंग्रजांनी या प्रत्येक मजुराला एक नंबर दिला. नाव, बापाचं नाव, वय, उंची, जात, गाव, अंगावरच्या खुणा, सगळं रजिस्टरमध्ये. शुद्ध डेटाबेस, प्रायमरी कीसकट! हे दप्तर मोका इथल्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये जपलेलं आहे आणि लोक तिथे जाऊन आपल्या खापरपणजोबांचा नंबर शोधतात. मजूर उतरत तो पोर्ट लुईचा आप्रवासी घाट २००६ पासून जागतिक वारसा आहे. पण त्या माणसाने आयुष्यभरात किती दगड उचलले याचा रकाना कुठल्याच रजिस्टरमध्ये नाही. त्याची नोंद फक्त शेतातल्या ढिगांत.

आणि ते ढीग कमी होत आहेत. दुसऱ्या महायुद्धानंतर बुलडोझर आले. युरोपीय संघाने २००६ पासून चार वर्षांत साखरेचा भाव ३६ टक्क्यांनी उतरवला, तेव्हा यंत्राने तोडणी केल्याशिवाय परवडेना, आणि यंत्राला दगड चालत नाहीत. लहान शेतकऱ्यांच्या जमिनी सलग करून दगडमुक्त करायची सरकारी योजनाही आली. शिवाय २००१ मध्ये समुद्रकाठची वाळू काढायला बंदी आल्यावर बांधकामाला बसाल्ट भरडून केलेली वाळू लागते. म्हणजे पणजोबांचा ढीग क्रशरमधून निघून पतवंडाच्या स्लॅबमध्ये जातो. यात वाईट काहीच नाही. ज्याचं शेत त्याला ते मोकळं हवंच, आणि चार तास दगड वेचलेल्या माणसाने यंत्राला नावं ठेवू नयेत.

वाईट वाटतं ते वेगळ्याच गोष्टीचं. विमानतळाजवळच्या प्लेन मान्येंमध्ये पायऱ्यापायऱ्यांचे, नीट रचलेले सात ढीग आहेत. इंटरनेटवर शोधलंत तर त्यांना 'प्राचीन पिरॅमिड' म्हणणारे आणि थेट इजिप्तशी नातं जोडणारे लोक सापडतील. शेत साफ करताना मजुरांनी रचलेले दगड, हे साधं स्पष्टीकरण मात्र त्यांना पटत नाही. महिना पाच रुपयांवर राबणारा माणूस कोपरा काटकोनात आणू शकतो, हे मानणं इतकं अवघड आहे?

असो. माझ्या दोन बादल्या अजून वाफ्याशेजारीच आहेत. वॉचमनकाका म्हणाले, 'फेकून देऊ का साहेब?' मी नको म्हटलं. पुढच्या रविवारी वाफ्याभोवती छोटासा गडगा घालायचा बेत आहे. अंदाज: एक तास.