डालग्याखालचा हिवाळा

कोंबडं झाकून ठेवलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही, ही म्हण आपण सगळेच वापरतो. पण कोंबडं झाकतात कशानं आणि कशासाठी, हे आता कितीजणांनी पाहिलेलं असेल? ते झाकतात डालग्यानं, म्हणजे विणलेल्या मोठ्या टोपलीनं. ती पालथी घालायची आणि वर दगड ठेवायचा. मांजर-मुंगसापासून कोंबडी वाचते, आणि हिवाळ्यात थंडीपासूनही. या एका म्हणीत घरातल्या एका कामाचा इतिहास आहे. त्याच्याविषयी मला आज बोलायचं आहे.

माझं माहेर जळगाव जिल्ह्यातल्या यावल तालुक्यातलं. केळीचा मुलूख. उन्हाळ्यात ४५ अंशांपर्यंत तापणाऱ्या या भागात डिसेंबर-जानेवारीत पारा १० अंशांच्याही खाली उतरतो. अशा रात्री शेतकरी बांधावर काडीकचरा पेटवून बागेत धूर करतात, कारण थंडीनं केळीचं नुकसान होतं. त्याची बातमी वर्तमानपत्रात येते. त्याच रात्री आमच्या परसात अम्मी तिच्या आठ कोंबड्या आणि एक कोंबडा सांभाळत असे. त्याची बातमी कधी आली नाही.

कोंबडी मुळात थंड मुलखातली नव्हेच. तिची पूर्वज रानकोंबडी दक्षिण आणि आग्नेय आशियातल्या उष्ण जंगलांत राहणारी. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनानुसार, पाळीव कोंबडीची सर्वांत जुनी हाडं थायलंडमधल्या बान नॉन वाट या ठिकाणची आहेत, सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वीची. माणूस धान्य पिकवू लागला आणि सांडलेल्या दाण्यांमागे ती त्याच्या दारात आली, असं हे अभ्यासक मानतात. आपल्याकडे बाराव्या शतकात चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर यानं ‘मानसोल्लास’ या संस्कृत ग्रंथात कोंबड्यांच्या झुंजीचं वर्णन केलं आहे. झुंजणाऱ्या कोंबड्याची दखल राजानं घेतली. अंडी देणाऱ्या कोंबडीला हिवाळ्यातून पार नेणाऱ्या बाईची दखल मात्र आपल्यालाच घ्यायला हवी.

अम्मीचं शास्त्र साधं होतं. कोंबडीचं अंग मुळातच गरम, सुमारे ४१ अंश. पिसं फुलवून ती कोरडी थंडी सोसते. तिला सोसत नाही ती ओल आणि वाऱ्याचा झोत. म्हणून आमच्या खुराड्याचं तोंड पूर्वेला होतं. वाऱ्याच्या बाजूला गोणपाट, खाली राख आणि राखेवर कोरडा भुसा. भुसा ओला झाला की त्याच दिवशी बदलायचा. वरची वीतभर फट मात्र ती कधी बुजवू देत नसे. लहानपणी एकदा कोंबड्यांना थंडी वाजेल म्हणून मी त्या फटीत चिंध्या कोंबल्या. सकाळी दार उघडलं तर आतल्या उग्र वासानं डोळे चुरचुरले. अम्मीनं काही न बोलता चिंध्या काढून माझ्या हातात दिल्या.

संध्याकाळी ती मूठ-मूठ बाजरी टाकी. पोटात दाणा असला की रात्रभर अंगात ऊब राहते. सकाळी कोमट पाणी. खुडुक कोंबडी घरात, चुलीपासून थोड्या अंतरावर. २१ दिवसांनी पिल्लं निघाली की आईसकट ती डालग्याखाली. हिवाळ्यात दिवस अकरा तासांवर येतो, तशी अंडी कमी होतात. पोल्ट्रीत दिवे लावून दिवस लांबवतात. अम्मी तो कोंबड्यांच्या विश्रांतीचा काळ समजायची.

अंड्यांचे पैसे तिचे. अब्बांच्या हिशेबात ते नसत. माझ्या बी.ए.च्या तिन्ही वर्षांची परीक्षा फी त्याच पैशांतून भरली गेली.

थंडीहून मोठं भय होतं मानमोडीचं. पशुवैद्य तिला राणीखेत म्हणतात. गावातली जुनी माणसं १९१८ च्या इन्फ्लुएंझालाही मानमोडीच म्हणत. माणसाच्या आणि कोंबडीच्या साथीला एकच नाव, याची मला तेव्हा गंमत वाटे. पुढे वाटली नाही.

१८ फेब्रुवारी २००६ रोजी नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरमध्ये बर्ड फ्लू आल्याचं जाहीर झालं. भारतातली ती पहिली नोंद. मार्चमध्ये जळगाव जिल्ह्यातल्या काही गावांत, परसातल्या कोंबड्यांतच, तो सापडला. हा विषाणू थंडीत अधिक काळ टिकतो आणि स्थलांतर करणारे पक्षीही हिवाळ्यातच येतात. जानेवारी २००८ मध्ये पश्चिम बंगालात आणि २०२१ च्या सुरुवातीला पुन्हा नवापुरात साथ आली, तीही याच दिवसांत.

आमचं गाव ठरवलेल्या परिघात आलं. पांढऱ्या पोशाखातलं पथक घरोघर फिरलं. त्यांचं काम आवश्यक होतं, असं मी आजही म्हणते. हा रोग माणसाचाही जीव घेऊ शकतो. अम्मीनं एकेक कोंबडी स्वतः पकडून दिली. शेजारच्या आजींनी आपला कोंबडा आतल्या खोलीत डालग्याखाली झाकून ठेवला होता. पहाटे तो आरवला आणि गल्लीला कळलं. म्हण शब्दशः खरी झाली होती, पण कोणी हसलं नाही.

पुढे नुकसानभरपाई आली. कागदावर कोंबड्यांची संख्या बरोबर होती. सही मात्र अब्बांची घेतली होती, नावही त्यांचंच होतं. अम्मी एवढंच म्हणाली, “मुर्गियाँ तो मेरी थीं ना?” अब्बांनी पैसे तिच्या हातात ठेवले. पण कागद तसाच राहिला.

त्या वर्षी दिवाळीनंतर तिनं खालाकडून चार तलंगा आणल्या आणि खुराड्यात पुन्हा राख पसरली. अशी खुराडी देशभर भरत राहिली असणार. २०१९ च्या पशुगणनेत परसातले पक्षी सुमारे ३१ कोटी ७० लाख भरले, आधीच्या २०१२ च्या गणनेपेक्षा जवळपास ४६ टक्क्यांनी अधिक.

आता अम्मी नाही. तुमच्या घरात कोंबड्या राखलेली एखादी आजी, मावशी, काकू असेल, तर तिला या हिवाळ्यात विचारा, खुराड्याचं तोंड कुठं ठेवायचं, फट किती सोडायची. ती सांगेल ते लिहून ठेवा, आणि त्याखाली नाव तिचंच लिहा.