प्लॅटिनमची विषबाधा

इ. स. १८३१ मध्ये ब्रिस्टल येथील पेरेग्रीन फिलिप्स नावाच्या व्हिनेगरच्या व्यापाऱ्याने अशा शोधाचे पेटंट घेतले की, जळत्या गंधकाचा वायू हवेसह तप्त प्लॅटिनमवरून नेला असता गंधकाम्ल सिद्ध होते व त्यासाठी लागणाऱ्या शिशाच्या अवाढव्य कोठ्यांची गरजच उरत नाही. तत्त्व निर्दोष होते. तथापि पुढील चाळीसहून अधिक वर्षे ते दप्तरातच पडून राहिले.

दरम्यान रसायनशास्त्र स्वस्थ बसले नव्हते. १८५० मध्ये विल्हेल्मीने साखरेच्या विघटनाची गती मोजून ती गणिताच्या सूत्रात बसविली, आणि १८८९ मध्ये अऱ्हेनियसने तापमानाबरोबर वेगस्थिरांक कसा वाढतो याचा नियम सांगितला. परंतु प्लॅटिनमसारखा उत्प्रेरक आज जितका समर्थ आहे तितकाच उद्याही राहील, हे या हिशेबात गृहीतच होते. आणि कारखान्यात नेमके तेच खोटे ठरत होते.

१८७५ मध्ये फ्रायबर्गच्या विंकलरने गंधकाम्लाचेच विघटन करून मिळविलेले शुद्ध वायू पुन्हा संयोग पावविले व धूमायमान आम्ल मिळविले. पण लोहमाक्षिक भाजून निघणारा स्वस्त वायू वापरू जाता प्लॅटिनम काही काळाने निस्तेज होई. पुढे कृत्रिम निळीसाठी, जिच्यामुळे १८९७ नंतर बिहारच्या निळीच्या लागवडीवर संकट कोसळले, त्या आम्लाची निकड वाढली, आणि लुडविग्सहाफेनच्या बाडिश कारखान्यातील रुडोल्फ क्निच याने या ऱ्हासाचा कसून तपास केला. माक्षिकातील सोमल आम्लाच्या सूक्ष्म धुक्यावर स्वार होऊन प्लॅटिनमपर्यंत पोचतो, हे त्याला आढळले. म्हणून वायू पूर्ण स्वच्छ दिसेपर्यंत धुण्याची शिस्त त्याने घातली. विक्रियेतून उपजणारी उष्णता हटविली नाही तर तयार झालेले संयुग पुन्हा विघटित होते, हेही ओळखून त्याने नळ्या थंड राखण्याची व्यवस्था केली, आणि १९०१ मध्ये हे सारे जाहीर केले. पुढे सोमलाला बरेच अधिक दाद न देणारे व्हॅनेडियम आले व प्लॅटिनमचे साम्राज्य ओसरले.

उत्प्रेरकाचे क्षीण होणे हा पदार्थाचा अटळ स्वभाव न मानता त्याला कारण असलेच पाहिजे, या निष्ठेने क्निचने शोध घेतला, म्हणूनच फिलिप्सची कल्पना उद्योग होऊ शकली. वेगाचा नियम शोधणाऱ्यांइतकाच मान वेग का मंदावतो हे शोधणाऱ्यालाही दिला पाहिजे.