जीपची उंची आणि रॉबर्ट हूक

1 मे 1665 रोजी लंडनजवळ कर्नल ब्लंट नावाच्या गृहस्थांच्या घरी रॉयल सोसायटीची काही मंडळी जेवायला जमली होती. जेवणानंतर घोडागाड्यांना स्प्रिंगा लावून हादरे कमी होतात का, हे पाहायचे होते. सॅम्युएल पेपिसने ही हकिकत रोजनिशीत लिहून ठेवली आहे. एका लांब स्प्रिंगवर सबंध गाडी तोललेली होती, ती फार सुखाची निघाली असे तो म्हणतो. जमलेल्यांत रॉबर्ट हूकही होता.

पाठ्यपुस्तकात हूक आपल्याला एका ओळीपुरता भेटतो : ताण आणि बल समप्रमाणात असतात. हा नियम त्याने 1676 साली सूर्यनिरीक्षणाच्या उपकरणांवरील एका छोट्या पुस्तकात चौदा अक्षरांची उलटापालट करून, कोड्याच्या रूपात छापला, आणि 1678 मध्ये कोडे सोडवून दाखवले. त्याच पुस्तकात त्याने आणखी एका वस्तूचे वर्णन केले आहे. एकमेकींशी कोन करणाऱ्या दोन दांड्यांना जोडणारा आणि एकीची फिरकी दुसरीला देणारा सांधा. आज ट्रकच्या पोटाखाली डोकावले की हाच सांधा दिसतो. गॅरेजात त्याला युनिव्हर्सल जॉइंट म्हणतात.

हूकच्या या दोन गोष्टी एकाच ठिकाणी परस्परांच्या आड आल्या त्या सुमारे पावणेतीनशे वर्षांनंतर, अमेरिकेत, जीपखाली.

1940 साली अमेरिकी सैन्याने हलक्या, चारही चाकांना जोर पोचवणाऱ्या गाडीची मागणी नोंदवली. विलीज आणि फोर्ड या कंपन्यांनी युद्धकाळात अशा सहा लाखांहून अधिक जीपा बांधल्या. या गाडीची पुढची व मागची चाके 80 इंच अंतरावर, आणि भार पाट्यांवर. पाटे म्हणजे एकावर एक रचलेल्या पोलादी पट्ट्या. एकच जाड पट्टी का नाही, हे वर्गात दोन फूटपट्ट्यांनी दाखवता येते. टेबलाच्या कडेबाहेर काढलेल्या दोन पट्ट्या नुसत्या एकावर एक ठेवल्या, तर त्या वाकवायला दुप्पट बल लागते. तेवढ्याच जाडीची एकसंध पट्टी मात्र आठपट ताठ असते, कारण ताठपणा जाडीच्या घनाप्रमाणे वाढतो. शिवाय पातळ पट्टी न तुटता अधिक वाकते.

युद्ध संपल्यावर या जीपा जुन्या बाजारात आल्या. काहींनी त्या शेतावर वापरल्या, काहींनी डोंगरात नेल्या. 1953 पासून कॅलिफोर्नियातल्या सिएरा नेवाडा पर्वतात रुबिकॉनच्या खडकाळ वाटेने जीपा नेण्याचा सामुदायिक उपक्रम सुरू झाला. अशा वाटेवर मोठी चाके हवीत. मोठी चाके मडगार्डला घासतात, म्हणून गाडी उंच हवी. येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. स्प्रिंगेने गाडी कितीही उचलली तरी आस, म्हणजे दोन चाकांना जोडणारा आडवा दांडा, जमिनीपासून तितक्याच उंचीवर राहतो. त्याला वर उचलते ते फक्त चाक, आणि तेही व्यास जितका वाढला त्याच्या निम्म्यानेच.

पैसे कमी असणाऱ्यांनी काढलेल्या युक्त्या पाहण्याजोग्या आहेत. पाट्याचे एक टोक शॅकल नावाच्या झुलत्या कडीला टांगलेले असते. ही कडी 2 इंच लांब केली की गाडी सुमारे 1 इंच उचलली जाते, कारण दुसरे टोक जागचे हलत नाही. पण त्यामुळे आस किंचित गोल फिरते, आणि पुढच्या आसेच्या बाबतीत सुकाणू थरथरू लागते. कोणी एखादा पाटा वाढवीत. गाडी उचलली जाई, पण ताठही होई. सर्वांत स्वस्त आणि सर्वांत धाडसी युक्ती वेगळीच होती. जुन्या जीपमध्ये पाटा आसेच्या खाली असतो. तो सोडवून आसेच्या वर बसवायचा. नवीन पाटे नकोत. वेल्डिंग आणि लोखंडाच्या बैठका पुरेत. गाडी एकदम 5 इंचांच्या आसपास उचलली जाते. आमच्या मते कल्पकतेचे गुण येथे द्यावेत आणि सुरक्षिततेचे कापावेत.

का, ते हूकचा सांधा सांगतो. इंजिनाकडून मागच्या आसेकडे जाणारा फिरता दांडा जीपमध्ये आखूड असतो. समजा तो 50 सेंटिमीटर आहे आणि गाडी 12.5 सेंटिमीटर उचलली. दांड्याचा कल सुमारे 14 अंशांनी वाढला. आधीचे 6 अंश धरले तर झाले 20. अशा कोनात एकच सांधा असेल आणि आत येणारा वेग मिनिटाला 1000 फेरे असेल, तर बाहेर पडणारा वेग प्रत्येक फेऱ्यात दोनदा 940 ते 1064 यांच्यामध्ये हेलकावतो. दोन्ही टोकांना सांधे असतील आणि त्यांचे कोन समान असतील तरच एकाचा दोष दुसरा भरून काढतो. घाईने वेल्ड केलेली बैठक थोडी तिरकी झाली की हे समान कोन बिघडतात. गाडी गुरगुरते आणि सांधे लवकर झिजतात.

दुसरे गणित गुरुत्वमध्याचे. डाव्या-उजव्या चाकांत 120 सेंटिमीटर अंतर आणि गुरुत्वमध्य 65 सेंटिमीटरवर असेल, तर गाडी आडव्या उतारावर सुमारे 43 अंशांना कलंडते. तोच 77.5 वर नेला तर सुमारे 38 अंशांना. वळणावरची सवलतही त्याच प्रमाणात घटते. न उचललेली सीजे-5 जीपसुद्धा कलंडण्याबद्दल बदनाम होती. डिसेंबर 1980 मध्ये अमेरिकी दूरचित्रवाणीवर तिच्यावर गाजलेला कार्यक्रम झाला. आपल्याकडे, जिथे 1940 च्या दशकाच्या अखेरीपासून मुंबईत महिंद्र कंपनीने जीपा जुळवल्या, 1988 च्या मोटार वाहन कायद्याचे कलम 52 मूळ रचनेत असे फेरफार करण्यावर बंधन घालते.

1997 च्या मॉडेलपासून लहान जीपमध्ये पाट्यांऐवजी वळ्यांच्या स्प्रिंगा आल्या. आता स्वस्त उपाय म्हणजे स्प्रिंगेच्या डोक्यावर इंच-दोन इंचांची चकती. चकतीने स्प्रिंग दाबली जाऊन ताठ होते, असे अनेकांना वाटते. हूकचा नियम लावून पाहा : गाडीचे वजन तेच, म्हणून स्प्रिंगेवरचे बल तेच, म्हणून तिचे आकुंचनही तेच. फक्त तिच्यावर टेकलेली गाडी वर गेली.

आखूड दांड्याचा प्रश्न मात्र तसाच राहिला. त्यावर तयार मिळणारा इलाज म्हणजे दांड्याच्या एका टोकाला जोडीने बसवलेले दोन सांधे. एका सांध्याचे हेलकावे दुसऱ्याने मारायचे, ही तोड पुढे हूकनेच सुचवली होती. बाजारात हा भाग ‘डबल कार्डन’ या नावाने विकला जातो. हे नाव हूकच्या शंभर वर्षे आधी होऊन गेलेल्या कार्डानो या इटालियन गणितज्ञाचे आहे.