डेम्लोची संख्या

आपल्या मावळातून मुंबईकडे निघालेली गाडी लोणावळ्याहून बोरघाट उतरते, कर्जत आणि कल्याण मागे टाकते आणि डोंबिवलीवरून पुढे जाते. घाटातला हा लोहमार्ग १८६३ साली खुला झाला. जी. आय. पी. रेल्वेच्या काळात या डोंबिवलीला डेम्लो असेही म्हणत. हे जुने नाव गणितात मात्र टिकून राहिले, आणि तेही एका शाळामास्तरांमुळे!

त्यांचे नाव दत्तात्रय रामचंद्र कापरेकर. जन्म १९०५ साली डहाणूचा. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात शिकत असताना, १९२७ साली त्यांना रँग्लर परांजपे गणित पारितोषिक मिळाले. १९२९ साली ते बी. एस्सी. झाले आणि १९३० पासून १९६२ पर्यंत देवळालीच्या शाळेत शिकवीत राहिले. काही विशिष्ट संख्यांचा विचार त्यांना या डेम्लो स्टेशनावर सुचला, म्हणून त्यांनी त्यांना 'डेम्लो संख्या' म्हटले.

आता पाटी घ्या. ११ ला ११ ने गुणा : १२१. १११ ला १११ ने गुणा : १२३२१. असे करीत नऊ एकांची संख्या तिनेच गुणली की येते १२३४५६७८९८७६५४३२१. लोहगड पायरी पायरीने चढावा आणि तसाच उतरावा, तशी ही संख्या! अंक सतरा. भास्कराचार्यांच्या लीलावतीत सतराव्या स्थानाला 'मध्य' म्हणतात. पुढचे स्थान परार्धाचे.

असे का होते? गुणाकार मांडला की एकांच्या ओळी एकेक घर सरकत जातात. पहिल्या उभ्या घरात एक एकं, दुसऱ्यात दोन, मधल्यात नऊ. मग पुन्हा कमी कमी. बेरीज केली की झाले.

ही अवाढव्य संख्या संयुक्त आहे, आणि ती फोडायला यंत्र लागत नाही. नऊ एकांची बेरीज ९, म्हणून १११११११११ ला ९ ने भाग जातो. उत्तर १२३४५६७९. पाहा, यात आठ गळाला! याला ३७ ने भागा : ३३३६६७. ही मात्र मूळ संख्या. ५७७ पर्यंतच्या कोणत्याही मूळ संख्येने तिला भाग जात नाही, आणि त्यापुढे पाहण्याची गरज नाही. तेव्हा आपल्या संख्येत ३ चार वेळा, ३७ दोन वेळा आणि ३३३६६७ दोन वेळा येतात. तिचे सगळे विभाजक मोजाल तर ५ × ३ × ३, म्हणजे ४५ भरतात. विभाजक जोडीने येतात, मग ४५ विषम कसे? कारण १११११११११ ची जोडी तिची तिच्याशीच.

कापरेकरांजवळ मोठी पदवी नव्हती. हा नुसता अंकांचा खेळ, असे म्हणणारे विद्वानही पुष्कळ होते. पण १९७५ साली मार्टिन गार्डनर यांनी त्यांच्यावर अमेरिकेतल्या मासिकात लिहिले आणि देवळालीचे मास्तर जगाला ठाऊक झाले. १९८६ साली ते वारले.

गुरुजी, उद्या वर्गात दहा एकांचा वर्ग करवून घ्या. उत्तर येईल १२३४५६७९००९८७६५४३२१. पायऱ्या मध्येच मोडल्या! का मोडल्या, ते मुलांनाच शोधू द्या. हवे तर एवढेच सांगा, की 'हातच्या'कडे नीट लक्ष ठेवा.