नाणेघाट ते तहसील कचेरी : दान आणि अधिकार

ठाणे जिल्ह्यातील मुरबाड आणि शहापूर या तालुक्यांतून सह्याद्री चढणाऱ्या दोन प्राचीन वाटा आहेत. मुरबाडची वाट नाणेघाटातून जुन्नरकडे जाते. शहापूरची वाट कसाऱ्याजवळच्या थळघाटाने नाशिकला पोहोचते. या दोन्ही वाटांवर सातवाहन राजवंशाचे शिलालेख आहेत. राज्यसत्ता आणि धर्म यांच्या संबंधाचा विचार करताना हे दोन लेख एकत्र वाचावेत, असे आम्हांस वाटते.

नाणेघाटातील लेख राणी नागनिकेचा मानला जातो. त्याच्या आरंभी धर्म, इंद्र, संकर्षण-वासुदेव, चंद्र-सूर्य आणि चार लोकपाल यांना वंदन आहे. पुढे अश्वमेध, राजसूय आदी यज्ञांची आणि दक्षिणेत दिलेल्या गाई व कार्षापणांची मोजदाद येते. याच वंशातील गौतमीपुत्र सातकर्णीने आपल्या कारकिर्दीच्या १८ व्या वर्षी नाशिकच्या त्रिरश्मी लेण्यांतील भिक्खूंना २०० निवर्तने शेत दिले. गोवर्धन येथील अमात्य विष्णुपालित याला दिलेली ती राजाज्ञा लेण्याच्या भिंतीवर कोरलेली आहे. त्या शेतात राजपुरुषांनी प्रवेश करू नये, त्यास हात लावू नये, तेथे मिठासाठी खणू नये, असे तीत म्हटले आहे.

यज्ञ करणारे राजघराणे भिक्खुसंघाच्या शेताबाहेर आपल्या अधिकाऱ्यांना थांबविते, ही गोष्ट गौरवाचीच होय. परंतु येथे एक भेद ध्यानात घेतला पाहिजे. हे राजाचे दान होते. तेच शेत पूर्वी क्षत्रप नहपानाचा जावई ऋषभदत्त याच्याकडे होते. सत्ता पालटली की देणारा हातही पालटतो. दानात औदार्य असते, पण घेणाऱ्याचा हक्क नसतो.

भारतीय संविधानाने दानाच्या जागी अधिकार आणला. २५ व्या अनुच्छेदाने प्रत्येकास धर्म मानण्याचे, आचरण्याचे आणि त्याचा प्रसार करण्याचे स्वातंत्र्य दिले. एखाद्या विशिष्ट धर्माच्या संवर्धनासाठी कर देण्याची सक्ती २७ व्या अनुच्छेदाने दूर केली; पूर्णतः शासकीय खर्चाने चालणाऱ्या शाळांत धार्मिक शिक्षण देण्यास २८ व्याने मनाई केली. तथापि संविधान अमलात आले त्याच वर्षी, १० ऑगस्ट १९५० रोजी, अनुसूचित जातींसंबंधीचा राष्ट्रपतींचा आदेश निघाला. हिंदूखेरीज अन्य धर्म मानणारी व्यक्ती अनुसूचित जातीची समजली जाणार नाही, अशी अट त्यात होती. १९५६ मध्ये तीत शिखांची भर पडली. बौद्धांची पडली नाही.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी धम्मदीक्षा घेतली आणि लाखो अनुयायांना दिली. स्वातंत्र्य संविधानाने दिले होते. त्याची किंमत आदेशाने वसूल केली. १९६२ च्या निवडणुकीत नागपूरच्या राखीव जागेवरून निवडून आलेले डी. पी. मेश्राम यांनी बौद्ध धम्म जाहीरपणे स्वीकारला असल्याने ते अनुसूचित जातीचे राहिले नाहीत, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९६४ मध्ये दिला.

शहापूर-मुरबाडच्या भूमीवर या अटीचे स्वरूप विशेष स्पष्ट दिसते. येथे ठाकूर, कातकरी, महादेव कोळी यांच्या वाड्या-पाड्यांशेजारी बौद्ध वस्त्या आहेत. अनुसूचित जमातींसाठी १९५० मध्येच निघालेल्या आदेशात धर्माची अट नाही. एकाच तहसील कचेरीत एका अर्जदाराचा धर्म विचारण्याचे कारण नाही. दुसऱ्याचा मात्र विचारलाच पाहिजे! शासन धर्मापासून अलिप्त आहे किंवा कसे, याची परीक्षा त्या दाखल्याच्या रकान्यात होते.

महाराष्ट्र शासनाने १९६० मध्ये नवबौद्धांना राज्यापुरत्या सवलती दिल्या. केंद्रीय आदेशात बौद्धांचा समावेश होण्यास १९९० साल उजाडले. दीक्षेच्या वर्षी जन्मलेले मूल तोवर ३४ वर्षांचे झाले होते. शिकण्याचे आणि नोकरीत शिरण्याचे त्याचे वय त्या प्रतीक्षेतच सरले.

यास्तव १९९० ची दुरुस्ती आम्हांस आनंदाची वाटते, पण पुरेशी वाटत नाही. आदेशात एक शब्द वाढला; अट कायम राहिली. धर्मांतरित ख्रिस्ती आणि मुसलमान दलितांचा प्रश्न तपासण्यासाठी केंद्राने २०२२ मध्ये माजी सरन्यायाधीश के. जी. बालकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला. इतरांना प्रवेश दिल्यास आपला वाटा घटेल, ही भीती खोटी आहे असे आम्ही म्हणत नाही. तिचे उत्तर वाट्याच्या प्रमाणात शोधता येईल. त्या धर्मांत अस्पृश्यता नाही, असाही आक्षेप घेतला जातो. पण धर्म बदलल्याने गावाने पाणवठ्यावर ओढलेली रेषा आपोआप पुसली जात नाही, हे आम्ही १९५६ नंतर अनुभवले आहे. तेच सत्य दुसऱ्याच्या बाबतीत नाकारावयाचे काय?

एकोणीस शतकांपूर्वी त्रिरश्मीच्या शेताच्या बांधावर राजपुरुष थांबला, कारण राजाची तशी इच्छा होती. आज त्याने माणसाच्या श्रद्धेच्या उंबऱ्यावर थांबावे, ते कोणाच्या इच्छेने नव्हे, तर कायद्याने. आणि तो उंबरा कोणाचाही असो.