गुरू पडद्यावर, सायकल जागेवर

पुण्याच्या सायकलींवर आजवर पुष्कळ लिहिले गेले आहे. आजचा धागा मात्र जागेवरून तसूभरही न हलणाऱ्या सायकलीविषयी आहे, आणि तिच्यासमोरच्या पडद्याविषयी. विषय २०२० सालचा वाटेल. पण त्याचे मूळ शोधत आपल्याला सातारा जिल्ह्यातल्या एका छोट्या संस्थानापर्यंत जायचे आहे. धागा लांब आहे, सवडीने वाचा.

प्रथम अलीकडचे चित्र. ९ मार्च २०२० रोजी महाराष्ट्रातले पहिले करोनारुग्ण पुण्यात आढळले आणि २५ मार्चपासून देशभर टाळेबंदी लागू झाली. पहाटे सायकलस्वारांनी गजबजणारा सिंहगडाचा रस्ता ओस पडला. ज्यांना परवडत होते त्यांनी सायकलचे मागचे चाक ‘ट्रेनर’वर चढवले. ट्रेनर म्हणजे एक लोखंडी घोडी. चाक एका रुळावर टेकते, त्या रुळाला चुंबकाचा किंवा द्रवाचा अवरोध असतो, आणि पेडल मारावे तितके ते जड होत जाते. रस्त्यावर उतार लागला की पाय सोडता येतात, येथे ती सोय नाही. वाराही लागत नाही. पुण्याच्या एप्रिल महिन्यात, बंद खोलीत, पंख्याखाली बसूनसुद्धा वीस मिनिटांत सतरंजी ओली होते.

समोर भिंत असेल तर माणूस दहा मिनिटांत कंटाळतो. म्हणून व्हिडिओ. पडद्यावरचा प्रशिक्षक सांगतो: आता तीन मिनिटे जोर, मग दोन मिनिटे उसंत, पेडलचे फेरे मिनिटाला नव्वद. शक्ती मोजण्याचे महाग यंत्र नसेल तर तो विचारतो, श्रम किती वाटतात, सहा ते वीसपैकी आकडा सांगा. ही पट्टी गुन्नार बोर्ग या स्वीडिश शास्त्रज्ञाची. सहा म्हणजे स्वस्थ बसणे, वीस म्हणजे जीव कंठाशी. त्याच वर्षी जुलै महिन्यात नामांकित व्यावसायिक सायकलपटूंनीही आपापल्या घरी ट्रेनरवर बसून आभासी ‘टूर द फ्रान्स’ केली.

मीही त्या काळात सदाशिव पेठेतल्या आमच्या दोन खोल्यांत हाच उद्योग केला. पहिले तीन आठवडे आनंदाचे गेले. चौथ्या आठवड्यात उजवा गुडघा समोरून दुखू लागला. पडद्यावरचा प्रशिक्षक मात्र रोज हसऱ्या चेहऱ्याने म्हणत राहिला, “फार छान चालले आहे तुमचे!” तो मला पाहत नव्हता, हे मला तेव्हा प्रथम नीट उमगले.

मग इतिहासाच्या विद्यार्थिनीला पडतो तो प्रश्न पडला. घरात, एकट्याने, समोर नसलेल्या गुरूकडून व्यायाम शिकण्याची कल्पना आपल्याकडे केव्हापासून आहे?

पुण्याची जुनी पद्धत याच्या अगदी उलट. चिंचेची तालीम असो वा जगोबादादा तालीम, व्यायाम होई तो लाल मातीत, चारचौघांत आणि वस्तादांच्या नजरेखाली. जोर काढताना कंबर खचली की वस्तादांचा आवाज आलाच. नजर हाच तेथला अभ्यासक्रम होता. मात्र त्या नजरेच्या टप्प्यात येण्याची मुभा सर्वांना नव्हती. स्त्रियांना तर मुळीच नव्हती. तालमीची थोरवी गाताना हे विसरून चालणार नाही.

या व्यवस्थेला पहिला मोठा पर्याय टपालाने आला. युजेन सँडो हा प्रशियात जन्मलेला, लंडनमध्ये नावारूपाला आलेला बलोपासक. १८९७ मध्ये त्याचे शक्तिसंवर्धनावरचे पुस्तक प्रसिद्ध झाले. त्यात छायाचित्रे होती, कोष्टके होती, कोणत्या वयाला कोणता व्यायाम किती वेळा करावा याचे आकडे होते. पुस्तक, डंबेल्स, रबरी दोऱ्यांचे यंत्र घ्या आणि आपल्या खोलीत सुरू करा. (१८९७ हे पुण्याच्या इतिहासातले प्लेगचे आणि रँडच्या वधाचे वर्ष. दोन्हींचा सँडोशी संबंध नाही; वर्ष लक्षात राहावे म्हणून सांगितले.)

त्याच सुमारास सँडोची सगळी पुस्तके आणि सगळी उपकरणे मागवणारा एक तरुण म्हणजे भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी, औंध संस्थानाचे पुढचे राजे. येथे पुणेकरांची हमखास गल्लत होते. हे औंध विद्यापीठापलीकडचे नव्हे, हे सातारा जिल्ह्यातल्या खटाव तालुक्यातले, यमाईच्या डोंगराखालचे. बाळासाहेबांचा पुण्याशी संबंध होता, पण तो डेक्कन कॉलेजचे पदवीधर म्हणून. पुस्तकात सांगितल्याबरहुकूम त्यांनी तब्बल दहा वर्षे नित्यनेमाने सँडोचा व्यायाम केला, असे त्यांनी स्वतःच नोंदवले आहे. आजच्या भाषेत बोलायचे तर दहा वर्षे एकच वर्कआउट मालिका पाहिली! छाती रुंदावली, स्नायू भरले.

१९०८ मध्ये मिरजेच्या राजेसाहेबांच्या सांगण्यावरून ते सूर्यनमस्कारांकडे वळले. मला हा तपशील फार बोलका वाटतो. दहा वर्षांच्या पुस्तकी शिक्षणाला वळण दिले ते एका ओळखीच्या माणसाने.

सूर्यनमस्कार बाळासाहेबांनी निर्माण केले नाहीत. महाराष्ट्रात ते आधीपासून घातले जात होते. बाळासाहेबांनी त्यांना सँडोची शिस्त लावली, असे मी म्हणेन. एका नमस्कारात दहा स्थिती, प्रत्येक स्थितीत श्वास कसा आणि नजर कोठे, याचे स्पष्ट नियम. उपकरण नको, आखाडा नको, अंथरलेल्या सतरंजीएवढी जागा पुरे. आरंभी ‘ह्रां, ह्रीं’ अशा बीजमंत्रांचा मोठ्याने उच्चार. धार्मिक अर्थ आहेच, पण व्यायाम म्हणून पाहिले तर मंत्र दुहेरी काम करतो. तो मोजणी चुकू देत नाही, आणि दम किती उरला आहे हे आवाजावरून कळते. बोलता येत असेल तर श्रम बेताचे, शब्द तुटू लागले तर जास्त. बोर्गची पट्टी यायला अजून अनेक दशके होती.

औंधच्या शाळांत नमस्कार सक्तीचे झाले, आणि स्त्रियांनीही ते घालावेत असा राजेसाहेबांचा आग्रह होता. तालमीचे दार ज्यांना बंद होते त्यांना घराचे दार लावून घेऊन व्यायाम करता येऊ लागला. समोर नसलेल्या गुरूची ही बाजू मला तालमीपेक्षा उदार वाटते.

बाळासाहेब स्वतः चित्रकार होते, कीर्तनकारही होते. त्यांचे चित्ररामायण प्रसिद्ध आहे. लोकांना शब्दांपेक्षा दृश्य लवकर पटते हे त्यांना कोणी शिकवायला नको होते. १९२८ मध्ये त्यांचे नमस्कारांवरचे इंग्रजी पुस्तक निघाले आणि त्याच काळात नमस्कारांची मूक चित्रफीतही तयार झाली. साठीच्या घरातले राजेसाहेब उघड्या अंगाने स्वतः नमस्कार घालत आहेत, असे तिचे दृश्य. भारतीय व्यायामाच्या व्हिडिओंचा आरंभ कोठे मानावा असे कोणी विचारले, तर मी या फितीकडे बोट दाखवीन. १९३६ मध्ये लंडनमध्ये ‘न्यूज क्रॉनिकल’च्या लुईझ मॉर्गन यांनी त्यांची मुलाखत घेतली आणि दोन वर्षांनी त्यांच्याच संपादनाने ते पुस्तक तेथे नव्याने निघाले.

पण त्या फितीला एक मर्यादा होती. ती घरी नेता येत नव्हती. प्रक्षेपक, काळोखी खोली, जमलेले लोक, एवढे सगळे लागे. ती पाहून माणसाला पटे, पण शिकायचे ते पुन्हा पुस्तकातूनच.

पुस्तकाने काय साधता येते याची परिसीमा पुण्यातच झाली. बी. के. एस. अय्यंगार १९३७ मध्ये शिकवण्यासाठी येथे आले आणि येथलेच झाले. शिष्याच्या पायाचा अंगठा किंचित वळला तरी ओळखणारा हा गुरू. नजरेच्या बाबतीत कोणत्याही वस्तादाला हार न जाणारा! तरी १९६६ मध्ये त्यांनी ‘लाइट ऑन योग’ लिहिले, सुमारे सहाशे छायाचित्रांसह. शेवटी ३०० आठवड्यांचा क्रमवार अभ्यासक्रम दिला आहे. आजचे सायकलपटू बारा आठवड्यांची योजना विकत घेतात आणि सहाव्या आठवड्यात सोडतात, हे आठवून मला हसू येते. जगभर लोकांनी ते पुस्तक जमिनीवर उघडे ठेवून आसने केली.

हलणारे चित्र घरात आले ते नंतर. १९७३ मध्ये सिंहगडावरच्या प्रक्षेपण केंद्रामुळे मुंबई दूरदर्शन पुण्यात दिसू लागले, आणि पुढे धीरेंद्र ब्रह्मचारींचे योगाचे कार्यक्रम घरोघरी पोचले. ज्या गडाच्या चढावर पुण्याचे सायकलपटू आपली ताकद अजमावतात, त्याच गडावरून पडद्यावरचा गुरूही शहरात उतरला. तरी दूरदर्शनची वेळ दूरदर्शनच ठरवी. ती सत्ता संपवली व्हिडिओ कॅसेटने. १९८२ मध्ये अमेरिकेत जेन फोंडाची व्यायामाची कॅसेट निघाली. आता गुरूला थांबवता येऊ लागले, मागे नेता येऊ लागले, हवे तेव्हा बोलावता येऊ लागले.

सँडोच्या कोष्टकापासून माझ्या पडद्यापर्यंत मोजणी सुधारली, चित्र सुधारले, वेळ आपल्या हाती आली. नव्या ट्रेनरला तर पायांतून येणारी शक्तीही वॅटमध्ये कळते. पण पाय कसा येतो हे त्याला दिसत नाही. दोनशे वॅट चांगल्या गुडघ्यातूनही येतात आणि दुखऱ्यातूनही.

माझ्या गुडघ्याचे निदान शेवटी वरच्या मजल्यावरच्या काकांनी केले. तरुणपणी ते शर्यती खेळलेले. मे महिन्यात मास्क लावून, दारातूनच, सहा फुटांवरून त्यांनी अर्धा मिनिट माझे पाय पाहिले.

“सीट खाली आहे गं तुझी,” ते म्हणाले. “पाय खाली जातो तेव्हा गुडघा पुरता उघडतच नाहीये. किती दिवस चालवत्येस अशी?”

“एक महिना, काका.”

“आणि त्या टीव्हीतल्याने काही सांगितलं नाही?”

सीट दोन बोटे वर घेतली, आठवडाभर पाय हलके ठेवले, आणि मग व्हिडिओ पुन्हा पहिल्या दिवसापासून लावला.